दुकान किती लांब, बाटली किती जवळ



रोवणी आटोपली, कंबर अजून दुखत असेल. पोळा तोंडावर आला आहे. पोळा आला की बैलांची शिंगं रंगतात, पोरं तान्हा पोळ्याचे लाकडी बैल पुसून ठेवतात, आणि आपल्यातल्या कित्येक जणींच्या पोटात गोळाही येतो. सण कसा जाईल, घरचा माणूस घरी कसा येईल, ही काळजी. म्हणून आजचं बोलणं मुद्दाम पोळ्याच्या आधी ठेवलं आहे.

आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका गावच्या बचत गटांच्या बाया. गावाचं नाव सांगत नाही, कारण पुढे जी गोष्ट सांगणार आहोत ती आमच्याच एका मैत्रिणीची आहे. दारू वाईट, हे सांगायला आम्ही आलो नाही. ज्या घरात ती शिरली त्या घरच्या बाईला ते रेडिओवरून ऐकावं लागत नाही. आज आम्ही मोजायला बसलो आहोत. दारू आपल्यापासून किती लांब आहे, शहरात किती आहे, गावात किती आहे, आणि ती मोजायची कशी.

आधी एक काम करा. जिथे बसून ऐकताय तिथूनच बोटावर मोजा. तुमच्या घरापासून उपकेंद्र किती लांब? बँक किती लांब? मुलीची दहावीची शाळा किती लांब? आणि दारूचा पव्वा किती लांब? आमच्या गटात हा प्रश्न विचारला तेव्हा आधी हशा पिकला, मग सगळ्या गप्प झाल्या. चौथं उत्तर सगळ्यांत जवळचं होतं.

आता शहराकडे पाहू. गोंदिया शहरात कामाला गेलं की रस्त्यावर किती पाट्या दिसतात. कुठे देशी दारूचं दुकान, ज्याला आपण भट्टी म्हणतो, कुठे वाइन शॉप, कुठे बिअर शॉपी, कुठे परमिट रूम. म्हणून आपण म्हणतो, शहरात दारू फार, गावात कमी. हे खरं आहे का?

मोजायच्या तीन रीती आहेत. पहिली, किती जागेत किती दुकानं. या रीतीने शहर नेहमी पुढे, कारण तिथे सगळंच दाटीवाटीने असतं. दुसरी, किती माणसांमागे किती दुकानं. आणि तिसरी, आपल्या दारापासून सगळ्यांत जवळचं दुकान किती लांब. तिन्ही रीतींची उत्तरं वेगवेगळी येतात.

समजण्यापुरते आकडे घेऊ. समजा शहरातल्या एका भागात २०,००० माणसं राहतात आणि तिथे ५ दुकानं आहेत. म्हणजे ४,००० माणसांमागे एक. आता समजा एक बाजाराचं गाव आहे, वस्ती २,५००. तिथे एक भट्टी आणि एक बिअर बार. म्हणजे १,२५० माणसांमागे एक. पाट्या दोनच दिसल्या, पण डोकी मोजली तर बाजाराचं गाव शहरापेक्षा तिपटीने दाट निघालं. पण त्या गावात आजूबाजूच्या दहा गावांची माणसं बाजाराला येतात. प्रत्येक गाव हजाराचं धरलं तर एकूण १२,५०० माणसं आणि दुकानं तीच दोन. म्हणजे ६,२५० माणसांमागे एक. रेघ कुठे ओढली यावर हिशेब बदलतो. म्हणून कुणी तुम्हाला सांगितलं की तुमच्या भागात दुकानं कमीच आहेत, तर आधी विचारायचं, कुठली रेघ ओढून मोजलं?

आपला जिल्हा १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या सव्वातेरा लाखांच्या आसपास होती, आणि १०० पैकी ८३ माणसं गावात राहणारी. म्हणजे पाट्यांची दाटी शहरात असली तरी प्यायला जाणारी बहुतेक माणसं गावची आहेत.

मग दुकान कुठे असावं हे ठरतं कसं? ते आपोआप उगवत नाही. त्याला परवाना लागतो. महाराष्ट्रात देशी दारूच्या दुकानांचे आणि वाइन शॉपचे नवे परवाने देणं १९७० च्या दशकात थांबलं, आणि पुढे कितीतरी वर्षं तेच धोरण राहिलं. परमिट रूम आणि बिअर शॉपी यांना मात्र नवे परवाने मिळत राहिले. यातून काय झालं ते पाहा. भट्ट्यांची संख्या फारशी वाढली नाही, पण भट्ट्या चालू लागल्या. एका गावात धंदा नाही किंवा विरोध झाला, की परवाना दुसऱ्या गावात हलवायचा. याला कागदावर स्थलांतर म्हणतात. आपण मजुरीसाठी स्थलांतर करतो, दारूचं दुकानही करतं. फरक इतकाच की ते गिऱ्हाईक पाहून जातं. आणि गिऱ्हाईक कुठे असतं? मोठ्या रस्त्याला, रेल्वे स्टेशनला, बाजाराला आणि सीमेला.

रस्त्याचं सांगतो. १५ डिसेंबर २०१६ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गापासून ५०० मीटरच्या आत दारूविक्री नको. १ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. देवरी, कोहमारा या बाजूने आपल्याकडे मुंबई–कोलकाता महामार्ग जातो, म्हणून हा विषय आपल्या दारातला. पण लगेच सवलती आल्या. ज्या स्थानिक संस्थेची लोकसंख्या २०,००० किंवा कमी, तिथे अंतर २२० मीटर झालं. मग जुलै २०१७ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं की नगरपालिकांच्या हद्दीत ही बंदी लागू नाही. पुढे २०१८ मध्ये ग्रामपंचायत हद्दीतला कुठला भाग शहरासारखा धरायचा हे राज्यांवर सोपवलं. म्हणजे रस्ता तोच, ट्रक तेच, अपघातही तेच; पण हद्दीच्या पाटीच्या अलीकडे एक नियम आणि पलीकडे दुसरा. शहर आणि गाव यांतला फरक असा कागदावर तयार होतो.

आता सीमा. आपल्या जिल्ह्याच्या दोन बाजूंना दोन राज्यं, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड. प्रत्येकाची दारूची रीत वेगळी. छत्तीसगडात २०१७ पासून सरकारचं महामंडळच दुकानं चालवतं. मध्य प्रदेशात १ एप्रिल २०२३ पासून दुकानाला लागून बसून प्यायचे अहाते बंद केले. आणि आमच्या तालुक्याला लागून गडचिरोली, जिथे १९९३ पासून दारूबंदी आहे. अर्जुनीहून रेल्वेत बसलं की थोड्याच वेळात वडसा येतं, म्हणजे बंदीचा जिल्हा. दारूबंदीच्या जिल्ह्याशेजारच्या दुकानाला दोन जिल्ह्यांचं गिऱ्हाईक मिळतं. त्या दुकानाचा हिशेब करताना नुसतं आपलं गाव मोजून कसं चालेल?

इथपर्यंत आपण पाटीची दुकानं मोजली. आता खरी गोष्ट.

२०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभर विचारलं गेलं, दारू पिता का. १५ वर्षांवरच्या पुरुषांत शहरात १०० पैकी १६-१७ जण हो म्हणाले. गावात १०० पैकी जवळपास २०. आता विचार करा. पाट्या शहरात जास्त, दाटी शहरात जास्त, आणि पिणारे मात्र गावात जास्त. हे कोडं कसं सुटतं?

ते आपल्याला ठाऊक आहे, फक्त मोठ्याने बोलत नाही. गावातली दारू पाटी लावून बसत नाही. भट्टीतून पेटी मोटारसायकलवर निघते आणि सांजच्याला कुणाच्या पानठेल्यात, कुणाच्या किराणा दुकानात, कुणाच्या परड्यात उतरते. तिथून पव्वा दहा-वीस रुपये जास्त घेऊन सुटतो. उधारही मिळतो. आणि जंगलाच्या कडेला मोहाचा सडवा. मडक्यात, प्लास्टिकच्या डब्यात, नाल्याच्या काठाला पुरलेला. या विक्रीचा परवाना नाही, म्हणून ती कुठल्याच मोजणीत येत नाही. सरकारी यादीत ज्या गावापुढे शून्य लिहिलं आहे, त्या गावात रात्री नऊ वाजता कुणाचं दार वाजवायचं हे लहान पोरालाही माहीत असतं.

शहरातलं दुकान ठरलेल्या वेळी शटर ओढतं. गावातल्या परड्याला शटर नसतं.

दुकान जवळ असण्याने काय बिघडतं, हेही पाहिलं पाहिजे. पिणारा कुठूनही आणून पिईल, असं आपल्याला नेहमी ऐकवलं जातं. काही जण आणतीलही. पण सगळे नाही. सात किलोमीटर सायकल हाणत जायचं म्हटलं की रोज जाणं होत नाही, आठवड्याच्या बाजाराला होतं. तीच बाटली शेजारच्या ठेल्यात आली की शेतावरून येताना वाटेत होते. अंतर हा एक बांध आहे. बांध फुटला की पाणी सगळीकडे पसरतं.

परदेशातही हे तपासलं गेलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहरात दारूची दुकानं कुठे वाढली आणि पोलिसांकडे घरातल्या मारहाणीच्या नोंदी कुठे वाढल्या, याचा कित्येक वर्षांचा ताळा एका संशोधकाने घेतला. २०११ मध्ये तो अभ्यास छापून आला. दुकानं वाढली तिथे घरातली मारहाण वाढलेली दिसली, आणि सगळ्यांत ठळक संबंध निघाला तो बाटली विकत घेऊन घरी न्यायच्या दुकानांशी. बसून प्यायच्या जागेपेक्षा घरी न्यायची दुकानं बाईला जास्त महाग पडली. आपल्या गावातली चोरटी विक्री तर सगळीच घरी न्यायची. ते परक्या देशातलं शहर, आपलं धानाचं गाव. पण भिंतीआडचं बाईचं रडणं तेच.

जागागणिक दाटी असते तशी वेळेगणिकही असते. आम्ही गटाच्या वहीत वर्षभराची भांडणं आठवून लिहिली. कुणाचं नाव नाही, फक्त महिना. तेंदूपत्त्याची मजुरी वाटली तो आठवडा. धानाचे चुकारे खात्यात आले ते दिवस. पोळा आणि मारबत. दिवाळीनंतरची मंडई. पैसा आला की बाटली जवळ येते. तेव्हाच आमच्या लक्षात आलं की चुकारे आले त्याच दिवशी घरातल्या बाईला कळलं पाहिजे. निम्म्याहून जास्त जणींना ते माहीतच नसायचं.

आता आमच्या मैत्रिणीची गोष्ट.

आम्ही समाजमंदिरात रांगोळीने गावाचा नकाशा काढला. बोडी, शाळा, देऊळ, हातपंप, मोहल्ले. ठरवलं की परवान्याचं दुकान असेल तिथे खडा ठेवायचा आणि चोरून विक्री होते तिथे चिंचोका. खडा ठेवायची वेळच आली नाही, आमच्या गावात परवान्याचं दुकान नाही. चिंचोके मात्र दोन्ही हातांच्या बोटांवर मावेनात. पण एका घरावर कुणीच चिंचोका ठेवेना. सगळ्यांना माहीत होतं, आणि सगळ्या खाली पाहत होत्या. कारण त्या घरची बाई आमच्यातच बसली होती. नवरा दारूनेच गेला. एक एकर धान, दोन लेकरं, म्हातारी सासू. मोहाचा सडवा लावून तिनं घर ओढलं होतं आणि गटाचा हप्ता एकदाही चुकवला नव्हता. शेवटी तीच उठली. स्वतःच्या घरावर स्वतःच्या हाताने चिंचोका ठेवला आणि म्हणाली, "ठेवला. आता मी खाऊ काय, तेही सांगा."

त्या दिवशी आम्हाला उत्तर आलं नाही. पोलिसांना सांगणं सोपं होतं. पण तिला पकडवून देऊन भट्टीतून पेटी आणणाऱ्या मोटारसायकलवाल्याला मोकळं सोडायचं, हे आमच्या मनाला पटेना. पुढच्या बैठकीत गटाने तिला शेळ्यांसाठी कर्ज दिलं. मोहफुलं सडवण्यापेक्षा वाळवून, साठवून भाव आल्यावर विकायची, थोड्यांचे लाडू करायचे, असं ठरलं. खोटं सांगत नाही, पहिल्याच पावसाळ्यात एक शेळी मेली. आम्हाला वाटलं, गेली ही परत सडव्याकडे. अजून तरी गेली नाही. आता एक चिंचोका कमी झाला आहे. बाकीचे आहेतच. त्यातल्या दोघांनी आम्हाला दारातून हाकलून दिलं.

कायद्याने काय करता येतं, तेही सांगतो.

गावात किंवा शहराच्या वॉर्डात परवान्याचं दुकान असेल तर ते मतदानाने बंद करता येतं. २५ मार्च २००८ चा सरकारी आदेश आहे. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींनी सह्यांचं निवेदन द्यायचं. सह्यांची पडताळणी होते, मग गुप्त मतदान. चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. पण गणित नीट ऐका. मतदानाला आलेल्या बायांच्या नव्हे, यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला पडावी लागतात. समजा यादीत ४०० बाया आहेत. सह्या हव्यात १००. मतं हवीत २०१. समजा ३०० जणी आल्या, १९० जणींनी बाटली आडवी केली आणि ११० जणींनी उभी. आपण ८० मतांनी पुढे, तरी बाटली उभीच राहिली. जी घरी बसली, जी माहेरी गेली, जी दूरच्या गावी मजुरीला गेली, तिचं न दिलेलं मत दुकानाच्या खात्यात जमा झालं. म्हणून अर्ज करण्याआधी यादी हातात घ्या, मेलेल्यांची आणि लग्न होऊन गेलेल्यांची नावं कमी करून घ्या, आणि रोवणी-कापणीची तारीख येणार नाही असं बघा. नियमांत वेळोवेळी बदल होतात, तेव्हा अर्जाआधी राज्य उत्पादन शुल्क कार्यालयातून चालू आदेशाची प्रत मागून घ्या.

या कायद्यात एक उणीव आहे. मत फक्त त्याच गावाला असतं जिथे दुकान आहे. बाजाराच्या गावातल्या भट्टीवर आमच्या गावचे पुरुष पितात, मार आमच्या गावच्या बाया खातात, पण मत आम्हाला नाही. रेघ कुठे ओढायची हा प्रश्न इथेही आडवा येतो. त्यावर उपाय एकच, बाजाराच्या गावच्या बायांशी मैत्री. आमचा ग्रामसंघ त्यांच्या ग्रामसंघाला भेटून आला. मत त्यांचं, पण घरोघर फिरायला पाय आमचेही आहेत.

चोरट्या विक्रीला मतदान लागत नाही, ती मुळातच गुन्हा आहे. त्यासाठी तंटामुक्त समिती आहे. ग्रामसभेतून ग्रामरक्षक दल नेमण्याचीही कायद्यात सोय आहे, आणि त्यात बायांना जागा आहे. आणि एखादं दुकान तुमच्या गावात हलवायचं चाललंय असं कानावर आलं, तर ते येण्याआधी ग्रामसभेत विषय मागा. आलेलं दुकान घालवण्यापेक्षा येणारं अडवणं सोपं.

कुणी म्हणेल, एवढी धावाधाव कशाला, जिल्ह्याचीच दारूबंदी मागा. ती मागणी आपल्या शेजारच्या बायांनी करून दाखवली. गडचिरोलीची बंदी लोकांच्या आंदोलनातून आली. चंद्रपुरात बायांनी वर्षानुवर्षं लढून १ एप्रिल २०१५ पासून बंदी मिळवली. २०२१ मध्ये सरकारने ती उठवली. वरून आलेली बंदी वरून जाऊ शकते. गडचिरोलीतही बंदीचा कागद एकटा पुरला नाही. तिथे २०१६ पासून मुक्तिपथ नावाचं काम गावोगाव संघटना बांधून चालू आहे. बंदी असो वा नसो, आपल्या गावात दारू किती लांब ठेवायची हे शेवटी गावालाच राखावं लागतं.

आणि एक गोष्ट विसरू नका. जो रोज भरपूर पितो त्याची दारू एका दिवसात तोडली तर हात थरथरतात, भास होतात, झटकेही येतात. जीव जाऊ शकतो. त्याला कोंडून ठेवू नका, सरकारी दवाखान्यात न्या. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ या नंबरवर विचारता येतं. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी १८१, आणि तातडीने पोलीस हवे असतील तर ११२. हे तीन नंबर चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. मोबाइलची बॅटरी संपते, भिंत तिथेच राहते.

पोळ्याआधी एवढंच करा. गटाच्या बैठकीत रांगोळी घ्या, गावाचा नकाशा काढा, खडे आणि चिंचोके ठेवा. कुणाला पकडवायचं म्हणून नको, आधी आपल्याला दिसावं म्हणून. सरकारच्या यादीत तुमच्या गावापुढे काय लिहिलं आहे आणि तुमच्या रांगोळीत काय निघालं, हे दोन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहा, तारीख टाका, सह्या करा. पुढच्या पोळ्याला पुन्हा मोजा.

आमचा एक चिंचोका कमी झाला आहे. तुमचे किती झाले ते कळवा.